लॅब्रॅडॉर रिट्रीव्हरचे रंग

लॅब्रॅडॉर रिट्रीव्हर या शिकारी कुत्र्यांच्या जातीत काळा, पिवळा आणि चॉकलेटी हे तीनच रंग मान्य आहेत. तिन्ही रंगांची पिले एकाच वेतात जन्मू शकतात. पिवळ्या रंगाच्या छटा सायीसारख्या फिकट रंगापासून कोल्ह्यासारख्या तांबूस रंगापर्यंत असतात. छातीवरचा लहानसा पांढरा ठिपका दोष मानला जात नाही.

आनुवंशिकता : कुत्र्याच्या केसांत दोन रंगद्रव्ये असतात : काळे वा तपकिरी यूमेलॅनीन आणि पिवळे वा तांबूस फीओमेलॅनीन. लॅब्रॅडॉरचा रंग मुख्यतः दोन जनुकांवर ठरतो. टीवायआरपी१ या जनुकाचे प्रभावी रूप यूमेलॅनीन काळे ठेवते. आईबाप दोघांकडून अप्रभावी रूप आले, तर ते तपकिरी होते आणि पिलू चॉकलेटी निपजते. एमसी१आर या दुसऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती अप्रभावी असतील, तर केसांत यूमेलॅनीन तयारच होत नाही. मग पहिले जनुक कोणतेही असो, कुत्रा पिवळाच दिसतो. कातडीत मात्र यूमेलॅनीन बनत राहते, म्हणून बहुतेक पिवळ्या लॅब्रॅडॉरचे नाक काळे असते. पहिले जनुकही दोन्हीकडून अप्रभावी आले, तर नाक तपकिरी होते.

दोन्ही जनुकांची अप्रभावी रूपे दडवून असलेल्या काळ्या नर-मादीच्या संततीत काळे, चॉकलेटी व पिवळे यांचे अपेक्षित प्रमाण ९ : ३ : ४ असते. दोन पिवळ्यांची पिले पिवळीच होतात. दोन चॉकलेटींना पिवळी पिले होऊ शकतात, काळी नाहीत.

इतिहास : या जातीचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या मच्छीमारांचे कुत्रे होते. १९व्या शतकात ते ब्रिटनमध्ये आले. तेथील पैदासकारांची पसंती दीर्घकाळ काळ्या रंगालाच होती. १८९९ मध्ये जन्मलेला ‘बेन ऑफ हाइड’ हा नोंद झालेला पहिला पिवळा लॅब्रॅडॉर मानला जातो. १९०३ मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली.

आरोग्य : २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका पाहणीत चॉकलेटी लॅब्रॅडॉरचे मध्यक आयुर्मान १०.७ वर्षे, तर इतर रंगांच्या लॅब्रॅडॉरचे १२.१ वर्षे आढळले. कान व कातडीचे विकारही चॉकलेटी कुत्र्यांत अधिक दिसले. अप्रभावी रंगासाठी मोजक्याच कुत्र्यांतून पैदास करत राहिल्याने नको असलेली इतर जनुकेही पुढच्या पिढ्यांत उतरत असावीत, असे संशोधकांनी सुचवले.

काळ्या कुत्र्याने कोणती अप्रभावी जनुके दडवली आहेत, हे नुसत्या रंगावरून कळत नाही; त्यासाठी डीएनए चाचणी करतात.