कासवाचं ऊन

आमच्या कासवाला आजारी पाडलं ते वीज वाचवण्याच्या नादाने, असं मी बरेच दिवस समजत होतो. ते अर्धंच खरं होतं.

वाशिमला आमच्या घरी धाकट्या भावाने हट्टाने आणलेलं हे कासव. डोळ्यामागे लाल पट्टा, हिरवी पाठ, काडेपेटीएवढं. दुकानदाराने सोबत एक काचेची टाकी आणि खाण्याची डबी दिली. साठ वॅटचा पिवळा बल्ब आम्हीच वर टांगला, कारण शेजारी कोंबडीच्या पिल्लांवर तसाच बल्ब लावत. आजीला मात्र बल्बाचं कौतुक नव्हतं. ती रोज सकाळी भांडी घासून झाली की कासवाला घमेल्यात घालून गच्चीवर न्यायची. "जिवाले ऊन लागते बाप्पा," एवढंच म्हणायची.

मग दोन गोष्टी जवळपास एकदमच झाल्या. आजी पुसदला काकांकडे राहायला गेली. आणि बाबांनी विजेचं बिल हातात घेऊन घरभर फिरून सगळे पिवळे बल्ब काढले. ५ जानेवारी २०१५ ला केंद्राची उजाला योजना सुरू झाल्यापासून स्वस्त एलईडी गावोगाव पोचले होते, आमचंच घर उशिरा जागं झालं. कासवाच्या टाकीवरही नऊ वॅटचा पांढराशुभ्र एलईडी आला. टाकी इतकी छान दिसायला लागली की आम्ही फोटो काढून सगळ्यांना पाठवले.

हिवाळ्यात कासवाने खाणं सोडलं. पाठ बोटाने दाबली तर दबायला लागली. अकोल्याच्या डॉक्टरांनी त्याला उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "मुडदूस आहे हा." मुडदूस म्हणजे लहान मुलांची हाडं मऊ होऊन पाय वाकतात तो. कासवाला कसा होईल? त्या प्रश्नापायी मी पुढचे काही महिने जे वाचलं, ते हे.

सुरुवात मुलांपासूनच करावी लागते. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरने मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याखाली ठेवलं. त्या दिव्यातून अतिनील किरण निघत. मुलांची हाडं भरून आली. उन्हातले ठरावीक अतिनील किरण कातडीवर पडले की शरीर ड जीवनसत्त्व बनवतं, आणि ते असलं तरच खाल्लेलं कॅल्शियम हाडांना लागतं, हे पुढे उलगडत गेलं. या किरणांना आज यूव्हीबी म्हणतात. अडचण अशी की खिडकीची साधी काच ते जवळजवळ सगळेच अडवते. काचेतून ऊन दिसतं, ऊबही लागते, पण हाडांना हवा तो भाग बाहेरच राहतो.

म्हणून १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये अतिनील किरण आत सोडणारी 'व्हायटाग्लास' नावाची काच निघाली. आणि इथे जोन प्रॉक्टर ही बाई गोष्टीत येते.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने सरपटणाऱ्या प्राण्यांचं स्वतंत्र घर लोकांसाठी १८४९ मध्येच उघडलं होतं. १९२३ मध्ये प्रॉक्टर त्या विभागाची प्रमुख झाली. वय पंचविशीचं, तब्येत कायम नाजूक. तिने आराखडा केलेलं नवं घर १९२७ मध्ये उघडलं. थंड देशात उष्ण प्रदेशातली झाडं, प्राणी जगवायचे तर अख्खी इमारत तापवायची, ही जुनी रीत. प्रॉक्टरने विजेची ऊब ठिकठिकाणी, गरज असेल तिथेच दिली, आणि उन्हासाठी व्हायटाग्लास वापरली. एकाच पिंजऱ्यात एक कोपरा गरम, दुसरा गार. जनावराने काय ते ठरवावं. १९३१ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी ती गेली, पण ते घर अजून उभं आहे.

तिने जे बांधून दाखवलं त्याचं शास्त्र पुढे नीट मांडलं गेलं. १९४४ मध्ये रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या सरड्यांचा अभ्यास छापला. तोवर समज असा की हे 'थंड रक्ताचे' प्राणी, हवा तापेल तसे तापणार. या दोघांना दिसलं की सरडा जागा असतो तोवर ऊन-सावलीत ये-जा करून, अंग वळवून, बिळात शिरून शरीराचं तापमान बऱ्यापैकी एका पातळीवर राखतो.

आपल्याकडे हे कुणालाही दिसतं. वाशिमच्या जुन्या गढीच्या भिंतीवर डिसेंबरात सकाळी सरडे पूर्वेच्या बाजूला असतात. मे महिन्यात त्याच भिंतीवर दहानंतर एक दिसायचा नाही. पुण्यात शिकत असताना कात्रजला मगरी पाहिल्या. १९८६ मध्ये नीलिमकुमार खैरे यांनी तिथे सर्पोद्यान उभं केलं, आज ते राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाचा भाग आहे. मगर काठावर जबडा उघडून पडलेली, दोन हातांवर पाणी. हीटर आकाशात, बिल शून्य.

आता आमच्या टाकीकडे या. पिवळा बल्ब विजेचा बहुतेक भाग उष्णता म्हणून सोडतो, म्हणून दिवा म्हणून तो वाया घालवणारा आणि शेगडी म्हणून कामाचा. एलईडी उलट. आम्ही बल्ब बदलताना दिवा बदलत आहोत असं समजलो, खरं तर शेगडी विझवत होतो. पण यूव्हीबी त्या जुन्या बल्बातही नव्हता. तो येत होता आजीच्या घमेल्यातून. आजी गेली तेव्हाच कासवाची हाडं पडायला लागली, एलईडीने फक्त भूकही मारली, कारण अंग गार असलं की त्याला खाल्लेलं पचत नाही.

मग वीज जाळायची का? बाबांचा हाच प्रश्न होता, आणि तो चुकीचा नव्हता. मी हिशेब केला. शंभर वॅटचा बल्ब रात्रंदिवस ठेवला तर महिन्याला ७२ युनिट. चाळीसचा बल्ब फक्त दिवसा आठ तास, तोही एका सपाट दगडाच्या अगदी वर, तर साडेनऊ युनिटांच्या आसपास. दगडावर ३० ते ३५ अंश मिळाले की झालं, सगळी टाकी तापवायची नाही. पाण्याच्या हीटरला थर्मोस्टॅट लावला. टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून थर्माकोल लावला, बल्बापासून लांब. बल्ब पाण्यात पडणार नाही असा पक्का आवळला. यूव्हीबीची खास नळी आणली. ती दिसायला पेटत राहिली तरी तिचे किरण काही महिन्यांत ओसरतात, म्हणून बदलण्याची तारीख तिच्यावरच लिहिली. मध्ये काच नको, जाळी हवी.

आणि गच्ची पुन्हा सुरू केली. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की यूव्हीबी चांगला मिळतो, तेव्हा थोडा वेळ. घमेल्यात पाणी, अर्ध्यावर फळी टाकून सावली, आणि कुणीतरी शेजारी बसलेलं. काचेची टाकी उन्हात कधीच नाही, आत जीव उकडून मरतो. मे महिन्यात तर आमच्याकडे गच्चीचं नावच नको.

अजून एक. हे कासव मिसिसिपीच्या खोऱ्यातलं, परदेशी. आपली देशी कासवं, उदाहरणार्थ स्टार कासव, घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आणि कंटाळा आला म्हणून परदेशी कासव एकबुर्जीच्या धरणात सोडणं हा उपाय नाही, ते तिथल्या देशी जिवांच्या तोंडचा घास घेतं. आणण्याआधी मोजायचं ते वीस-तीस वर्षांचं ऊन. आम्ही मोजलं नव्हतं.

कासव वाचलं. पाठ पुन्हा टणक झाली, पण वेडीवाकडी, ती तशीच राहणार. गेल्या दिवाळीत आजी आली तेव्हा मी तिला नळी, थर्मोस्टॅट, दगड, सगळं दाखवलं. बर्लिन आणि लंडनही सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, कासवाच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मंग गच्चीवर नेता का न्हाई?"

नेतो म्हटलं. तिने घमेलं मागितलं.