जुना माग आणि त्याचा जॉबर : भिवंडीतल्या सेकंडहँड यंत्रांची गोष्ट

मागच्या वेळी आपण गिरणगावातल्या साळखात्याबद्दल बोललो, तेव्हा समोरून एक प्रश्न आला होता. गिरण्या बंद पडल्या, माणसं कुठं गेली ते थोडंफार माहीत आहे, पण यंत्रं कुठं गेली? उत्तर एका वाक्यात द्यायचं तर बरीचशी भंगारात गेली, आणि जी भंगारात गेली नाहीत त्यातली पुष्कळशी भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी अशा गावांत पुन्हा उभी राहिली. पण आज आम्हाला यंत्रांच्या प्रवासापेक्षा त्यांच्या आजारपणाबद्दल बोलायचं आहे. जुनं यंत्र विकत घेणं ही एका दिवसाची गोष्ट असते. ते चालू ठेवणं ही वीस वर्षांची. आणि इतिहासाच्या पुस्तकांत खरेदी सापडते, दुरुस्ती सापडत नाही.

थोडं मागं जाऊ. यंत्र वेगळं आणि यंत्र जाणणारा माणूस वेगळा, हे इंग्लंडच्या पार्लमेंटला फार लवकर कळलेलं होतं. 1719 साली त्यांनी कायदा केला, कुशल कारागिराला फूस लावून परदेशी नेणं हा गुन्हा. म्हणजे आधी बंदी माणसावर! सुती कापड धंद्याची अवजारं आणि यंत्रं बाहेर नेण्यावर बंदी आली ती पुढं, 1774 पासून. उठवतानाही तोच क्रम राहिला. कारागिरांवरची बंदी 1824 मध्ये गेली, यंत्रांवरची 1843 मध्ये. त्यानंतर अवघ्या 11 वर्षांनी, 1854 मध्ये, कावसजी दावर यांनी मुंबईत कापूस गिरणीची कंपनी काढली. गिरणी 1856 मध्ये सुरू झाली.

त्या काळच्या गिरणीला यंत्राबरोबर काय काय मिळायचं ते बघा. लँकेशायरहून लोखंड यायचं, तसं ते उभं करणारे फिटरही यायचे. गिरणीत स्पिनिंग मास्तर, वीव्हिंग मास्तर साहेब असायचे. मुंबईत यंत्र कंपन्यांचे एजंट असायचे. एखादं चाक तुटलं तर कॅटलॉगमधला नंबर लिहून पत्र पाठवायचं, बोटीनं चाक यायचं. वेळ लागायचा, पण पत्ता माहीत होता. 1887 मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, आजचं व्हीजेटीआय, सुरू झालं, तेही मोठ्या अंशी गिरण्यांना इथलीच जाणकार माणसं मिळावीत म्हणून. शिवाय प्रत्येक मोठ्या गिरणीचं स्वतःचं वर्कशॉप होतं, सुट्या भागांचं स्टोअर होतं, आणि साळखात्यात जॉबर होता. जॉबर म्हणजे नुसता मुकादम नव्हे. साचा, म्हणजे माग, कुठल्या आवाजात बोलतोय ते ऐकून काय बिघडलंय हे सांगणारा माणूस. (जॉबरची दुसरी बाजूही आहे. भरती त्याच्या हातात, त्यामुळे दस्तुरीही त्याच्याच हातात. त्यावर स्वतंत्र बोलावं लागेल.)

आता ह्या सगळ्या गोतावळ्यातून फक्त माग उचला आणि बैलगाडीवर किंवा ट्रकवर घालून भिवंडीला न्या. सेकंडहँड यंत्र म्हणजे नेमकं हे. लोखंड येतं, मास्तर, स्टोअर, कॅटलॉग, एजंट, सगळं मागं राहतं.

भिवंडी विणकरांचं गाव. 1857 नंतर उत्तरेतून, विशेषतः पूर्व उत्तर प्रदेशातून, मोमीन विणकरांची कुटुंबं दक्षिणेकडं सरकली. काही मालेगावला थांबली, काही भिवंडीला. पुढं तेलंगणातून पद्मशाली आले. पद्मानगरला आजही तेलुगू कानावर पडते. हातमागाचं हे गाव वीज आल्यावर, 1930 च्या आसपास, यंत्रमागाकडं वळू लागलं. इचलकरंजीत तर 1904 मध्येच विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला होता. दोन्हीकडं एक गोष्ट समान होती. विणकराच्या ऐपतीत नवा माग बसत नव्हता, गिरणीनं काढून टाकलेला बसत होता.

स्वातंत्र्यानंतर सरकारी धोरणानं ह्याला आणखी हात दिला. गिरण्यांनी माग वाढवू नयेत, असं बंधन 1950 च्या दशकात आलं. यंत्रमागालाही परवाना लागायचाच, पण चार माग एका गाळ्यात टाकणाऱ्याला शोधणार कोण? मग बिनपरवाना माग वाढत गेले आणि मागाहून नियमित होत गेले. आमच्या मते दुरुस्तीचा प्रश्न इथूनच खरा अवघड झाला. ज्या मागाची कागदोपत्री नोंदच नाही, त्याचा मालक मदत मागायला कुठल्या तोंडानं जाणार?

मग 18 जानेवारी 1982. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप. तो आपण सविस्तर पाहिला आहे. इथं एवढंच, की संपाच्या काळात गिरणीमालकांनी आपलं कापड भिवंडीत विणून घेतलं, आणि गिरणीतले काही कामगार पोटासाठी त्याच भिवंडीच्या मागांवर उभे राहिले. बारा-बारा तासांच्या पाळीत, मीटरवर मजुरी घेत. पुढं गिरण्यांची साळखाती एकामागून एक मोडीत निघाली तेव्हा मागही आले.

माग आला. आता तो बिघडतो कसा?

साधा माग, ज्याला प्लेन लूम म्हणतात, तो दिसायला रांगडा, पण त्याच्या पोटात हिशेब फार काटेकोर. वरचा क्रँक शाफ्ट दोन फेरे घेतो तेव्हा खालचा शाफ्ट एक घेतो. म्हणजे चाकांच्या दातांचं प्रमाण एकास दोन असायलाच हवं. धोटा मिनिटाला शंभरावर वेळा इकडून तिकडं फेकला जातो. त्याला धक्का देणारा पिकर पूर्वी म्हशीच्या कातड्याचा असायचा. कातडं झिजायचं, फाटायचं. पिकर, पट्टे, धोटे, कांड्या, फणी ही रोजची झिजणारी मंडळी. त्यांचा प्रश्न गावानं लवकर सोडवला, कारण ती सगळ्यांनाच लागतात. नाक्यानाक्यावर स्पेअर पार्टची दुकानं उभी राहिली.

कठीण होते बिडाचे भाग. चाकं, टॅपेट, ब्रॅकेट. हॅटर्स्ली किथलीची, लिव्हसी ब्लॅकबर्नची, बटरवर्थ अँड डिकिन्सन बर्नलीची, अशी माग बनवणारी कितीतरी घराणी. प्रत्येकाचं माप निराळं. त्यात माग जोडीनं उभे करायचे म्हणून उजवे आणि डावे असे दोन प्रकार. उजव्याचे कितीतरी भाग डाव्याला चालत नाहीत, आरशातल्यासारखे उलटे. गिरणीत एका घराण्याचे शेकडो माग एका रांगेत असायचे. भिवंडीच्या गाळ्यात मात्र आठ मागांत तीन गिरण्यांचे आणि चार घराण्यांचे माग असू शकतात. आणि ज्या घराण्यांना पत्र लिहायचं, त्यांचंच घर बसत होतं. लँकेशायरमध्ये जादा माग आणि चात्या मोडीत काढायला ब्रिटिश सरकारनं 1959 च्या कायद्यानं पैसे दिले. गिऱ्हाईक गेलं तसे माग बनवणारेही गेले. म्हणजे आमच्याकडं माग चालू होता तेव्हा त्याचा कारखाना तिकडं बंद झालेला होता!

मग तुटलेलं चाक घेऊन माणूस जातो फाउंड्रीत. (गंमत अशी की तिथंही साचाच, पण वाळूचा.) फाउंड्रीवाला म्हणतो, नमुना द्या. नकाशा नाही, लाकडी पॅटर्न नाही, तेव्हा तुटलेलं चाकच जोडून वाळूत दाबायचं आणि वितळलेलं बीड ओतायचं. आता बीड थंड होताना आक्रसतं, साधारण शेकडा एक. फुटाला एक अष्टमांश इंच धरा. म्हणून पॅटर्न बनवणारा कारागीर मुळात वेगळी फूटपट्टी वापरतो, तेवढं माप वाढवून घेतलेली. पण नमुना म्हणून भागच वापरला तर नवा भाग तेवढा लहान निघणार, आणि जुना आधीच झिजलेला, ती झीजही नव्यात उतरणार. काही वर्षांनी हा नवा तुटला की तोच नमुना. एक फुटाचा भाग दुसऱ्या पिढीत पाव इंचानं कमी! दाताला दात कसा बसायचा?

फाउंड्रीवाले ह्याच्यावर तोडगे काढतात. नमुना वाळूत हलवून, ठोके देऊन साचा जरा सैल करायचा. झिजलेल्या जागी पट्टी चिकटवून नमुना फुगवायचा. जास्तीचं धातू ठेवून मग कानस मारायची. आम्ही भिवंडीत एका जुन्या जॉबरकाकांना विचारलं, की एवढं करून चाक बसतं का? ते म्हणाले, “बसतं हो साहेब, बसवावं लागतं. कंपनीचं चाक मागाला बसायचं, आमच्या चाकाला माग बसवतो आम्ही.” मग त्यांनी दाखवलं. ब्रॅकेटची भोकं लांबट केलेली, खाली पत्र्याचे तुकडे सारलेले. माग चालत होता. पण त्याच्या शेजारच्या मागाचं तेच चाक काढून ह्याला बसलं नसतं. गिरणीत शेकडो माग एकसारखे होते. इथं प्रत्येक माग आपल्यापुरता एकटा झाला. आणि त्याचं औषध फक्त ह्या काकांच्या डोक्यात. ते गावी गेले की माग बंद.

माग बंद म्हणजे काय, ते कुणाच्या खिशातून जातं, हे नीट समजून घ्यायला हवं. भिवंडीत बहुतेक गाळेवाले स्वतःचं सूत घेत नाहीत. व्यापारी सूत देतो, विणून घेतो, आणि पिकामागं अमुक पैसे अशी मजुरी देतो. इचलकरंजीत अशा मागवाल्याला खर्चीवाला म्हणतात. माग बंद पडला की व्यापाऱ्याचं नुकसान होत नाही, तो दुसऱ्या गाळ्यात सूत टाकतो. मालकाचं भाडं आणि कर्जाचा हप्ता थांबत नाही. आणि कारागिराला मीटरवर मजुरी असल्यामुळं बंद तासांचे पैसेच नाहीत. तो जॉबरच्या शेजारी उभा राहतो, पाना धरतो, दिवा दाखवतो, सगळं फुकट. बिहारमधून आलेल्या एका तरुण कारागिराचा आम्हाला अजून विसर पडत नाही. तो आपल्या वहीत मीटर लिहायचा, आणि माग बंद असलेल्या दिवसापुढं फक्त एक आडवी रेघ. महिन्यात सात रेघा होत्या.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. यंत्रमाग सेवा केंद्रं निघाली. भिवंडीतलं केंद्र ससमिरा ही वरळीची संशोधन संस्था चालवते. प्रशिक्षण, सुताची-कापडाची तपासणी, सल्ला ही त्यांची कामं. सुटा भाग देणं हे त्यांचं काम नव्हे. 2013 च्या सुमारास साध्या मागांना जागच्या जागी सुधारायची योजना आली. ताण्याचा किंवा बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबावा, तेल लागू नये असे नायलॉनचे भाग बसवावेत, वगैरे. कल्पना चांगली. पण जोडायचा भाग प्रमाण मापाचा, आणि माग वर सांगितला तसा, पत्र्याचे तुकडे सारून उभा केलेला. तिथं पुन्हा जॉबरकाकाच लागतात.

दुसरी लाट आली ती धोटा नसलेल्या मागांची. 1999 मध्ये केंद्राची तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना सुरू झाली आणि तिच्यात ठरावीक वयापर्यंतच्या परदेशी जुन्या मागांनाही वाव होता. युरोपातल्या गिरण्या बंद होत होत्या, तिथले सुल्झर आणि रेपियर माग कंटेनरमधून इकडं आले. मुंबईच्या गिरण्यांच्या बाबतीत झालं तेच, फक्त अंतर वाढलं. सुल्झरचं यांत्रिक शरीर आपल्या फिटरांनी हळूहळू आपलंसं केलं. अडलं ते इलेक्ट्रॉनिक रेपियरवर. बिडाचं चाक वाळूत दाबता येतं, सर्किट बोर्ड दाबता येत नाही. शिवाय मागावरच्या पाटीवर एक नाव आणि मालकी दुसऱ्याचीच. सोमेट, वामाटेक्स आणि सुल्झरचा मागांचा विभाग, ही तिन्ही घराणी शेवटी इटलीच्या एकाच समूहात, आजच्या इटेमात, गेली. गाळेवाल्यानं बरोबर पत्ता शोधला तरी तो मूळ गिऱ्हाईक नसतो. मशीन विकलं गेलं होतं ते बेल्जियममधल्या किंवा इटलीतल्या कुठल्यातरी गिरणीला, करार तिच्याशी. इंजिनिअर येतो, पण त्याचं विमानभाडं धरलं तर बिल मागाच्या किमतीला भिडतं.

हा प्रकार काही मागापुरता नाही. ऑफिसातलं टपालाचं फ्रँकिंग मशीन घ्या. बंद पडलेल्या कंपनीच्या लिलावात ते स्वस्तात मिळेल, पण ते चालवायचा परवाना टपाल खातं देतं, तो लिलावात मिळत नाही. परवान्याशिवाय ते नुसतं जड पेपरवेट.

मागवाल्यांनी ह्यावर जो उपाय काढला तो जुनाच आहे. एकाच कंटेनरमधले, एकाच मॉडेलचे बारा माग घ्यायचे, दहा चालवायचे आणि दोन खायला ठेवायचे. “खायला” हा त्यांचाच शब्द. बोर्ड गेला की ह्या दोघांतला काढायचा. दोन संपले की दहाचे आठ करायचे. बोर्ड दुरुस्त करणारी मुलंही आता गावात तयार झालीत. टीव्ही-मोबाईल दुरुस्तीतून आलेली, जळालेला भाग हुडकून तो बदलणारी. त्यांनाही नकाशा मिळत नाही. एक चालता बोर्ड शेजारी ठेवून टोकाटोकाला मीटर लावत ते मेळ घालतात. जॉबर आवाज ऐकायचा, ही मुलं व्होल्ट बघतात.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते, ती सांगून थांबतो. प्रश्नांना वेळ ठेवायचा आहे. गिरण्यांच्या जमिनीचे कागद जपले गेले, कारण जमिनीला भाव होता. स्टोअरमधले मागांचे कॅटलॉग, नंबरासह सगळ्या भागांची चित्रं असलेले, रद्दीत गेले. असा एक कॅटलॉग आम्हाला रद्दीवाल्याकडं मिळाला, अर्धा वाळवीनं खाल्लेला. त्याची झेरॉक्स त्या जॉबरकाकांना नेऊन दिली. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी पानं उलटत एका चाकाच्या चित्रावर बोट ठेवलं, बाजूला छापलेले दात मोजायला सांगितले, आणि आतल्या खोलीतून आपलं ओतलेलं चाक आणून त्याचे दात मोजायला बसले. एक दात कमी भरला. “तरीच,” ते म्हणाले, आणि नातवाला फाउंड्रीत फोन लावायला सांगितला.