अणूच्या पोटात काय आहे?

भगिनींनो, मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. तरी अणूची हकीगत सांगण्याचा मोह मला आवरत नाही.

अणू म्हणजे न फुटणारा कण, असे पूर्वी मानीत. १९११ साली रदरफोर्ड यांनी, सोन्याच्या पातळ वर्खावरील प्रयोगांवरून, अणूच्या मध्यभागी गाभा असतो असे दाखविले. अणू मैदानाएवढा धरला तर गाभा मोहरीएवढा. पण जवळजवळ सारे वजन त्या मोहरीत! भोवती इलेक्ट्रॉन, बाकी पोकळी. गाभ्यात प्रोटॉन असतात. त्यांचा सोबती न्यूट्रॉन १९३२ साली चॅडविक यांना सापडला.

न्यूट्रॉन आदळला की युरेनियमचा गाभा दुभंगतो. उष्णता व नवे न्यूट्रॉन निघतात, ते पुढचे गाभे फोडतात. या दुभंगण्याचा अर्थ १९३९ साली लिझे माइटनर या विदुषीने भाच्याच्या साथीने उलगडला. ही साखळी मोकाट सुटली तर वणवा, म्हणजे बाँब. आवरून धरली तर चुलीतला विस्तव, म्हणजे अणुभट्टी.

भारताची पहिली अणुभट्टी 'अप्सरा' डॉ. होमी भाभांच्या नेतृत्वाखाली ४ ऑगस्ट १९५६ रोजी मुंबईत ट्रॉम्बे येथे सुरू झाली. तेथेच १९८५ साली 'ध्रुव' भट्टी उभी राहिली. तिच्या उभारणीत मोठा वाटा असलेले डॉ. अनिल काकोडकर १९४३ साली आपल्या सातपुड्यापलीकडच्या बडवानीत जन्मले. वडील गोव्याच्या मुक्तीसाठी पोर्तुगीजांच्या कैदेत असता आई कमलाताईंनी त्यांना वाढविले.

तेव्हा भगिनींनो, मूल 'हे कशाचे बनले?' असे विचारील, तर त्याला गप्प बसवू नका.