कोयली तेलशुद्धीकरण कारखाना व अरब जगतातील संघर्ष

कोयली हा वडोदरा शहरानजीकचा, इंडियन ऑइल कॉर्पोरेशनचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. परदेशी कंपन्यांवरील अवलंबन कमी करण्याच्या धोरणानुसार तो सोव्हिएट संघाच्या साहाय्याने उभारण्यात आला आणि १९६५ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. प्रारंभी अंकलेश्वरसारख्या गुजरातमधील क्षेत्रांचे खनिज तेल तेथे शुद्ध केले जाई. त्यातून निघणारा नाफ्ता, म्हणजे हलका व बाष्पनशील तेलांश, खत व रसायन उद्योगांना कच्चा माल म्हणून उपयोगी पडे.

देशाची तेलाची गरज मात्र आयातीवरही अवलंबून होती. ऑक्टोबर १९७३ मध्ये ईजिप्त व सिरिया यांनी इस्राएलवर हल्ला केला, तेव्हा सोव्हिएट संघाने अरब राष्ट्रांना व अमेरिकेने इस्राएलला शस्त्रे पुरविल्याने हा प्रादेशिक संघर्ष महासत्तांच्या शीतयुद्धाशी, म्हणजे प्रत्यक्ष लढाई टाळून चाललेल्या स्पर्धेशी, जोडला गेला. अरब तेल-उत्पादकांनी उत्पादन घटवून अमेरिका व नेदर्लंड्स यांचा तेलपुरवठा रोखला आणि पिंपाचा (सुमारे १५९ लिटर) सुमारे ३ डॉलर असलेला दर जानेवारी १९७४ पर्यंत ११ डॉलरांवर गेला. भारताने अरबांची बाजू घेतली असली, तरी या दरवाढीतून त्याची सुटका झाली नाही व परकीय चलनाच्या साठ्यावर मोठा ताण पडला.

देशांतर्गत तेल वाढत्या मागणीस अपुरे असल्याने पुढे १९७८ मध्ये कोयलीचा विस्तार आयात तेलासाठी करण्यात आला आणि कच्छच्या आखातावरील सलाया येथून नळमार्गाने ते येऊ लागले. परिणामी स्वावलंबनासाठी उभारलेला हा कारखानाही अरब जगतातील राजकारणाच्या कक्षेत आला.