चेहरा नंतर पाहा, आधी चित्र उलटं करा

विषय ठरवताना बरेच जण आधी विचारतात, "साधनं किती मिळतील?" प्रश्न योग्यच आहे. पण ती साधनं कोणाच्या हातांतून आपल्यापर्यंत आली, हे विचारायचं राहून जातं. आज त्यासाठी अठराव्या शतकातली फ्रेंच मिनिएचर व्यक्तिचित्रं घेऊ.

तळहातावर मावतील एवढी ही चित्रं. १७०० च्या आसपास व्हेनिसच्या रोझाल्बा कारिएराने हस्तिदंताच्या पातळ कापावर रंगवायला सुरुवात केली आणि ती पद्धत फ्रान्समध्येही रुळली. मूळचा स्वीडिश पीटर अडॉल्फ हाल आणि पुढे नेपोलियनच्या दरबारातला इझाबे ही यातली मोठी नावं. १८३९ मध्ये दाग्युरोटाइप जाहीर झाला, नंतर फोटो स्वस्त होत गेले आणि हा धंदा बसला.

आता मुद्द्याचं. ही चित्रं मुळात भिंतीसाठी नव्हतीच. ती तपकिरीच्या डबीवर, लॉकेटमध्ये, ब्रेसलेटमध्ये बसवलेली असायची. मागे कधी चित्रातल्या माणसाच्या केसांची बट, कधी आद्याक्षरं. म्हणजे ही वस्तू दोघांमधली: एक देणारा, एक बाळगणारा. चौदावा लुई तर परदेशी वकिलांना हिरेजडित चौकटीतलं स्वतःचं चित्र भेट द्यायचा. त्यांतल्या बहुतेकांचे हिरे नंतर काढून विकले गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस श्रीमंत संग्राहक आले. अमेरिकन बँकर जे. पी. मॉर्गनने आपल्या मिनिएचर्सचा अनेक खंडांचा भपकेदार कॅटलॉग छापून घेतला. १९३५ मध्ये तो संग्रह लंडनला लिलावात गेला. अशा बाजारात कोणाची तरी बायको, कोणाची तरी बहीण विकत नाही. मारी आंत्वानेत विकते, मादाम रेकामिए विकते. मग अनोळखी बाईला राणीचं नाव मिळतं आणि कोपऱ्यात इझाबेची सही उगवते. अशा बनावट सह्यांची चित्रं तेव्हा ढिगाने बनली. पियानोच्या हस्तिदंती पट्ट्यांची फ्रेम दिसली तर सावध व्हा. खरं सांगायचं तर मला 'अनोळखी स्त्री' हे लेबलच सगळ्यात विश्वासाचं वाटतं.

पण खोट्या सहीपेक्षा मोठं नुकसान दुसरंच आहे. चित्र डबीतून काढून एकसारख्या फ्रेममध्ये बसवलं, की बट जाते, आद्याक्षरं जातात. चेहरा उरतो, नातं पुसलं जातं. आणि या चित्रांवरून कोणी फ्रेंच कुटुंबातल्या जिव्हाळ्याचा इतिहास लिहायला बसलं, तर त्याच्या हाती १७८० ची आवड येत नाही. १९०० च्या दिवाणखान्याची येते.

म्हणून नोंद वाचताना पाहा: नाव कोणी आणि कधी दिलं? मागच्या बाजूचा फोटो आहे का? फ्रेम मूळची आहे का? १९३३ ते १९४५ या काळात वस्तू कोणाकडे होती? शेवटचा प्रश्न उगाच नाही. दाविद-वेल या ज्यू संग्राहकाचा पॅरिसमधला संग्रह नाझींनी लुटला होता. त्यातलं बरंच युद्धानंतर परत मिळालं आणि त्याने आपली मिनिएचर्स लूव्रला दिली.

तारखेवर तर आता पैसाही टांगलेला आहे. ब्रिटनच्या २०१८ च्या हस्तिदंत कायद्यात १९१८ पूर्वीच्या आणि ३२० चौरस सेंटीमीटरपर्यंतच्या मिनिएचर्सना नोंदणी करून विक्रीची सूट आहे. तेव्हा विक्रेत्याने सांगितलेलं वय हा पुरावा धरू नका, तो दावा आहे अशीच नोंद वहीत करा.