एका मोकळ्या जागेचा फरक



तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी मुलांचा मायक्रोबिट असेल. २०१६ मध्ये बीबीसीने इथल्या इयर सेव्हनच्या मुलांना तो फुकट वाटला होता. त्या पहिल्या मायक्रोबिटची रॅम होती जेमतेम १६ केबी. नव्याची आहे १२८ केबी. एवढ्याशा जागेत काय कुठे ठेवायचं, हे एका छोट्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तिचं नाव लिंकर स्क्रिप्ट. आज तिची गोष्ट.

लिंकर म्हणजे प्रोग्रॅमचे सुटे तुकडे जोडून प्रत्येकाला मेमरीतला पत्ता देणारा. १९५२ मध्ये ग्रेस हॉपर यांनी युनिव्हॅकसाठी ‘ए-झिरो’ बनवलं. त्याला पहिला कंपायलर म्हणतात, पण टेपवरचे तयार तुकडे उचलून जोडण्याचं त्याचं काम आजच्या लिंकरच्या जवळचं होतं. पुढे एटी अँड टीने लिंकरला सूचना द्यायची एक भाषा केली. ग्नू प्रकल्पाच्या लिंकरने ती उचलली, वाढवली आणि तीच जगभर पसरली.

ही भाषा वाचायला मात्र कटकटीची. ग्नूच्या नियमावलीत एक गंमत आहे. ‘ए-बी’ असं जोडून लिहिलं तर ते एकच नाव, आणि मध्ये मोकळी जागा सोडली तर ती वजाबाकी! आपण ‘ध’चा ‘मा’ म्हणतो. इथे तर अक्षरही बदलावं लागत नाही. तारका कधी गुणाकार, तर कधी ‘कुठलीही फाइल’. म्हणजे संदर्भ पाहूनच पदच्छेद करायचा.

याची झळ कुठे बसते? छोट्या चिपमध्ये बहुधा स्टॅक रॅमच्या वरच्या टोकापासून खाली वाढतो. फार वाढला तर खालच्या डेटावर चढतो, आणि कुणाला पत्ताही लागत नाही. २०२० मध्ये रस्ट भाषेसाठी ‘फ्लिप-लिंक’ नावाचं साधन आलं. ते मांडणी उलटी करतं: डेटा वर, स्टॅक खाली. आता स्टॅक वाढला तर रॅमच्या हद्दीवर आपटतो आणि चिप लगेच ओरडते.

पण त्यासाठी रॅम कुठे सुरू होते आणि किती आहे, हे स्क्रिप्टमधून वाचावं लागतं. कुणी सरळ ‘१२८ के’ लिहितं, कुणी ‘६४ के + ६४ के’, तर कुणी हा मजकूर दुसऱ्याच फाइलमध्ये ठेवून ती जोडतं. आकडा चुकला तर संरक्षणाची भिंतच चुकीच्या जागी. म्हणून त्या साधनाला बेरीज शिकवावी लागली, जोडलेल्या फाइली शोधायला शिकवावं लागलं.

एलएलव्हीएमच्या ‘एलएलडी’ लिंकरने एक शहाणा नियम केला: नियमावलीत लिहिलंय तसं वागायचं, आणि जिथे वेगळं वागू तिथे ते लिहून ठेवायचं.

सल्लागार म्हणून माझे दिवस दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचण्यात जातात. तिथेही हेच खरं. समजलं नाही तर थांबावं आणि विचारावं. अंदाजाने पुढे गेलं की चूक दुसऱ्याच्या दारात जाऊन फुटते.

मुलांचा प्रोग्रॅम अडला आणि पडद्यावर एरर आली, तर त्यांना एवढं जरूर सांगा: मशीन थांबलं ते बरंच झालं, त्याने अंदाज केला नाही.

पुन्हा भेटू. काळजी घ्या!