पागडी: मुंबईच्या भाड्याच्या घरांचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या वाढल्या, कोकणातून आणि देशावरून कामगार येऊ लागले, तेव्हा मुंबईत चाळ बांधून भाड्याने लावणे हा व्यापाऱ्याच्या शिल्लक पैशाचा भरवशाचा विनियोग ठरला. लांब गॅलरी, तिच्यालगत एकेका खोलीची बिऱ्हाडे आणि मजल्याच्या टोकाला सामाईक नळ व संडास, अशा रचनेत थोड्या जागेत पुष्कळ भाडेकरू मावत, त्यामुळे दोन-चार खोल्या रिकाम्या राहिल्या तरी मालकाचे उत्पन्न थांबत नसे. या हिशेबाला पहिला धक्का पहिल्या महायुद्धाच्या काळात बसला. टंचाईमुळे भाडी भडकली आणि १९१८ साली सरकारने ती कायद्याने बांधून टाकली. तो उपाय तात्पुरता होता. १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदाही मुदतीचाच होता, परंतु मुदतवाढ मिळत मिळत तो २००० सालापर्यंत टिकला.

या कायद्याने 'प्रमाणित भाडे' ही कल्पना रूढ केली. १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचे जे भाडे होते तेच सामान्यतः तिचे कायदेशीर भाडे मानले जाई, आणि कायद्यात सांगितलेल्या कारणांखेरीज भाडेकरूला बाहेर काढता येत नसे. जागेचा बाजारभाव चढत गेला, भाडे मात्र जागच्या जागी राहिले. या दोहोंमधली तफावत कोणाच्या तरी हाती पडणारच होती, आणि ती ज्या मार्गाने वाटली गेली त्याला पागडी म्हणतात. नवा भाडेकरू आत येताना एकरकमी पैसे मोजी. तो पुढे जागा सोडू लागला की त्याच्या जागी येणारा त्याला चालू भावाने पागडी देई, आणि भाडेपावतीवर नवे नाव चढवण्यासाठी घरमालक त्यातला हिस्सा, बहुधा एक तृतीयांश, घेई. १९४७ च्या कायद्याने अशी रक्कम घेणे हा गुन्हा ठरवल्यामुळे हा सारा व्यवहार रोखीने आणि बिनपावतीने चाले. पागडीला घरमालकाची हाव म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते अर्धसत्य आहे, कारण तिच्यातला मोठा वाटा भाडेकरूकडेच जात होता. त्याने विकत घेतलेली वस्तू मात्र विचित्र होती: ताबा आणि पावतीवरचे नाव, मालकी नव्हे.

याचा परिणाम सर्वांत आधी इमारतींवर दिसला. लाकडी सांगाड्याच्या चाळींत संडास-मोरीचे पाणी तुळयांत मुरत राहिले, आणि महिन्याला येणाऱ्या भाड्यातून त्या बदलणे मालकाला परवडेना. १९६९ च्या कायद्यान्वये राज्याने उपकर, म्हणजे दुरुस्तीसाठी खास कर, बसवून दुरुस्ती मंडळ स्थापले. अशा इमारतींना आजही 'सेस इमारती' म्हणतात. दरम्यान भाड्याने देण्यासाठी नवे घर बांधण्याचे आकर्षण ओसरले होते आणि बिल्डर सदनिका विकण्याकडे वळले होते. त्यांच्यावर नियंत्रण आणण्यासाठी १९६३ चा मालकी सदनिका कायदा करावा लागला.

भाडेकरार टाळण्यासाठी मालकांनी 'लिव्ह अँड लायसन्स'चा, म्हणजे भाडेहक्क न देता केवळ वापराची परवानगी देण्याचा, मार्ग काढला होता. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्याखाली ताब्यात असलेल्यांना भाडेकरूचाच दर्जा दिला, आणि सावधपणे करार केलेले मालकही त्यात सापडले. पुढे अनेकांनी घर भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावून ठेवणे पसंत केले, याचे नवल वाटू नये.

१९९७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने भाडी अशी गोठवून ठेवणे अवाजवी असल्याचे सांगितले. त्यानंतरचा १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने पागडी घेण्यादेण्यास कायदेशीर मान्यता दिली आणि भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ मंजूर केली. ४० रुपये भाड्याच्या खोलीसाठी ही वाढ पहिल्या वर्षी १ रुपया ६० पैसे होते, आणि चक्रवाढीने धरली तरी पंचवीस वर्षांनी भाडे सुमारे १०७ रुपयांपर्यंतच पोहोचते.

म्हाडा, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, कायद्यात १९८६ साली घातलेल्या प्रकरण आठ-अ नुसार सेस इमारतीतील ७० टक्के रहिवाशांनी मागणी केल्यास मासिक भाड्याच्या शंभरपट रकमेत ती इमारत संपादित करता येते. याविरुद्ध मालकांनी दिलेल्या लढ्यातून उद्भवलेल्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने निर्णय दिला की प्रत्येक खासगी मालमत्ता ही राज्यघटनेच्या अर्थाने समाजाची, म्हणजे सर्वांच्या हितासाठी वाटता येणारी, भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. प्रकरण आठ-अ वैध की अवैध, याचा निवाडा त्या निर्णयात नाही.